इशारा पातळी

शॉट क्रमांक चार हजार एकशे सतरा.
चोवीस कपॅसिटर, प्रत्येकी छत्तीस किलोव्होल्ट.
उलट झोका एकोणीस टक्के, म्हणजे विसाच्या आत.
तेल एकतीस अंश.
वहीत एवढंच लिहिते मी, निळ्या शाईनं.
लाल पेन खिशात असतं, टोपण घट्ट लावलेलं.

गोकुळ शिरगावात, दोन फाउंड्रींच्या मधल्या शेडमध्ये
आम्ही सूर्य करू बघतोय.
मसुराच्या दाण्याएवढा.
पापणी लवायला जेवढा वेळ लागतो
त्याच्या लाखाव्या हिश्शापुरता.
अजून झालेला नाही.
शेजारचा मोल्डिंगवाला पोरगा रोज विचारतो,
"ताई, आज बार कितीला?"

आण्णा गुळव्या होते.
वडणग्यापासून निगव्यापर्यंतची गुऱ्हाळं
बाळगोंडा आल्याशिवाय काहील उतरवायची नाहीत.
रस आधी उसळायचा, मग तांबूस व्हायचा,
मग बुडबुडे जड होऊन फुटायचे, दमल्यासारखे.
आण्णा थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचे,
गोळी वळून परातीवर आपटायचे.
टण्.
"उतरवा."
जरा उशीर, की करपला. जरा घाई, की ढेप बसत नाही.
कसं कळतं, मी विचारलं होतं.
म्हणाले, "काहिलीला इचारायचं.
मालकाला न्हाई."

मंगळवारी दिल्लीहून पाहुणे आले.
उपळेकर सर म्हणाले, आज चाळीसवर जाऊ,
चाळीस तर डब्यावरच छापलंय.
छापलंय.
पण डब्यावर छापलेलं नव्या डब्यासाठी असतं.
दाब एक दशांश चढवला की आयुष्य निम्मं,
हे मी भिंतीवर लिहून चिकटवलंय,
त्या कागदावर आता चहाचा डाग आहे.
गोळ्यांच्या फटीत ठिणगीनं पाडलेले देवीचे वण आहेत.
आणि सतरा नंबरचं पोट फुगलंय.
किती? पोस्टकार्डाच्या जाडीएवढं.
दर सोमवारी सुतळीनं मोजते मी.
दस्तगीर हसतो, "गाभण म्हशीगत जपतीस की."

लाल पेन काढलं.
टोपण उघडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला सगळ्यांना.
कुणी घड्याळ बघितलं, कुणी माझ्या चपला.
सर काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

शॉट छत्तीसवरच झाला.
पडद्यावर एक टेकाड उमटलं,
त्यांना डोंगर हवा होता.
जेवताना तांबड्या रश्श्याचं मात्र कौतुक झालं.

संध्याकाळी सतरा नंबर बाहेर काढला.
दस्तगीरनं अर्थिंगची काठी टेकवली. चट्.
पाच मिनिटांनी पुन्हा टेकवली.
पुन्हा चट्, बारीक.
रिकामा केला तरी आपोआप थोडा भरतो तो,
कुणी न भरता.
"राग बघ ह्याचा," दस्तगीर म्हणाला,
आणि दोन्ही टोकांना तांब्याची तार बांधली.
आता कोपऱ्यात उभा आहे तारेचं कडं घालून.
कापून बघायची परवानगी अजून आलेली नाही.

चाळीसला फुटला असता?
माहीत नाही.
कदाचित नसताही.
वहीत त्यासाठी रकाना नाही,
आणि रात्री दोनला जाग येते ती
नेमकी त्या नसलेल्या रकान्यात.

आज घरी जाताना पुलाअलीकडे गाडी थांबवली.
पाणी शेतांत शिरलंय, ऊस गळ्यापर्यंत उभा आहे.
पानपट्टीवाल्याला विचारलं, बंधाऱ्यावर किती?
चुना लावता लावता, वर न बघता तो म्हणाला,
"एकोणचाळीसला दोन इंच कमी.
म्हशी वर न्यायला सांगितल्यात."
का, असं रांगेतल्या कुणीही विचारलं नाही.
मी सुटे पैसे घेतले
आणि गाडी सुरू केली.